जहाजाच्या अंगावरची रेघ
(सॅम्युएल प्लिमसोल : १८२४–१८९८)

काही वर्षांपूर्वी बेळगावहून आम्ही वास्कोच्या मंडळीत उपदेशासाठी गेलो होतो. उपासनेनंतर तेथील शब्बाथशाळेच्या शिक्षिकाबाई मुलांना आणि आम्हांला घेऊन मुरगाव बंदराच्या बाजूला फिरायला निघाल्या. दोन मालवाहू जहाजे दृष्टीस पडली. एक खनिजाने भरलेले, पाण्यात खोल बसलेले. दुसरे रिकामे, म्हणून उंच तरंगत होते. त्याचा तळाकडचा तांबडा रंग चांगला दोन पुरुष उंचीचा उघडा पडला होता. त्या रिकाम्या जहाजाच्या मध्यावर एक पांढरे वर्तुळ, वर्तुळातून आरपार गेलेली आडवी रेघ आणि शेजारी फणीच्या दातांसारख्या लहान लहान रेघा रंगवलेल्या होत्या. मुलांपैकी एकाचे वडील तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. त्याने आम्हांला विचारले की, वर्तुळाच्या दोन बाजूंना जी 'एल' आणि 'आर' ही अक्षरे आहेत ती मालकाच्या नावाची का? आणि ती रेघ कशासाठी?

आम्हांला सांगता आले नाही. उपदेशकाला सर्व काही ठाऊक असते अशी मुलांची समजूत असते, ती त्या दिवशी थोडी ढळली असावी. घरी आल्यावर शोध घेतला तेव्हा त्या रेघेमागे एका माणसाचे सारे आयुष्य उभे असल्याचे कळले. तोच वृत्तान्त येथे देत आहोत.

सॅम्युएल प्लिमसोल यांचा जन्म १० फेब्रुवारी १८२४ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या गावी झाला. वडील अबकारी खात्यात नोकर. कुटुंब पुढे पेनरिथला आणि तेथून शेफील्डला गेले. घराणे काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे ज्या पंथाच्या पाठबळावर लंडन मिशनने १८२० साली आमच्या बेळगावात काम सुरू केले त्याच पंथाचे. सॅम्युएलची शाळा लवकर सुटली. प्रथम तो एका वकिलाकडे कारकून झाला आणि नंतर बीअरच्या कारखान्यात. दारूबंदीचे काम करणाऱ्या आमच्या वाचकांच्या कपाळाला येथे आठी पडेल हे आम्ही जाणून आहोत. पण पोट भरायचे होते आणि वडील गेल्यावर आई व धाकटी भावंडे यांचा भारही त्याच्यावर पडला होता. हुशारीने आणि कष्टाने तो त्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला. १८५१ साली लंडनला जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले, त्याच्या शेफील्ड शाखेचे मानद चिटणीसपद त्याच्याकडे आले होते.

१८५३ साली हा तरुण स्वतःचा कोळशाचा धंदा काढण्यासाठी लंडनला गेला. यॉर्कशायरचा कोळसा रेल्वेने राजधानीत आणून विकायचा, असा बेत. बेत चांगला होता, पण धंदा बुडाला. होते नव्हते ते गेले. मग काही महिने मजुरांसाठी बांधलेल्या एका खानावळवजा वसतिगृहात राहून आठवड्याला आठ शिलिंगांहूनही कमी पैशांत भाडे आणि जेवण भागवावे लागले. हे दिवस प्लिमसोल पुढे कधी विसरले नाहीत. शेजारच्या खाटेवर झोपणारा हमाल किंवा खलाशी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून आजारी सोबत्याला कसा वाटा देतो, बायकोमुलांना पैसे पाठवण्यासाठी स्वतः कसा अर्धपोटी राहतो, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. गरीब माणूस आळशी आणि बेइमान असतो असे तेव्हाच्या सुखवस्तू लोकांत सर्रास बोलले जाई. ते खोटे आहे, हे प्लिमसोल यांना कोणी पुस्तकातून शिकवायची गरज राहिली नाही.

पुढे धंदा सावरला. वाघिणीतला कोळसा उंचावरून खाली ओतला की फुटून चुरा होई आणि भाव पडे. कोळसा न फुटता हळूच खाली उतरावा अशी एक योजना त्यांनी शोधून काढली आणि लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाच्या कोळसाकेंद्रात ती वापरात आली. तिच्यातून त्यांना पैसा मिळाला. एलायझा रेल्टन या बाईंशी विवाह झाला. या बाईंविषयी पुढे बोलायचे आहे. १८६८ साली डर्बी शहरातून उदारमतवादी पक्षातर्फे ते पार्लमेंटवर निवडून आले.

आता त्या काळच्या जहाजांची स्थिती सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे काही उमजणार नाही.

इंग्लंडचा व्यापार तेव्हा झपाट्याने वाढत होता. लाकडी शिडांच्या जहाजांबरोबर लोखंडी आगबोटी येत होत्या. जहाज जेवढे जास्त भरावे तेवढा नफा अधिक. किती भरावे याला कायद्याने बंधन नव्हते. विमा मात्र मनास येईल तेवढ्या किमतीचा उतरवता येई, कित्येकदा जहाजाच्या खऱ्या किमतीहून जास्त. म्हणजे जुने, कुजके जहाज बुडाले तरी मालकाचे काही जात नसे. जायचे ते खलाशाचे. जुने जहाज मधोमध कापून त्यात नवा तुकडा घालून लांब करीत, पण त्या मानाने बळकटी देत नसत. लाकडे घट्ट धरून ठेवणाऱ्या तांब्याच्या खिळ्यांऐवजी नुसती खिळ्यांची डोकी बसवण्याचे प्रकारही होते. वरून पाहणाऱ्याला खिळा दिसे, आत काहीच नसे. अशा जहाजांना लोक शवपेटी जहाजे म्हणू लागले होते.

सर्वांत वाईट गोष्ट अशी की, करारावर सही केलेला खलाशी जहाज पाहून घाबरला आणि चढण्यास नकार देऊ लागला, तर त्याला तुरुंगात टाकीत. शेकडो खलाशांनी अशी शिक्षा भोगली. बुडण्यापेक्षा तुरुंग बरा असे म्हणणारे खलाशी होते, आणि घरी मुले उपाशी म्हणून मुकाट्याने चढून न परतणारेही होते. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय वाचकांना आठवेल. अलेक्झांड्रियाचे ते गव्हाने भरलेले जहाज, त्यावरील २७६ माणसे, आणि पौलाच्या सांगण्यापेक्षा तांडेलाच्या व जहाजमालकाच्या म्हणण्याकडे अधिक लक्ष देणारा शताधिपती. अठराशे वर्षांनंतरही बंदरातले चित्र फारसे निराळे नव्हते, इतकेच आम्हांला येथे म्हणावयाचे आहे.

केवळ खलाशीच मरत होते असेही नाही. जानेवारी १८६६ मध्ये 'लंडन' नावाची आगबोट मेलबर्नला जाताना बिस्केच्या उपसागरात बुडाली. जहाज जड मालाने भरलेले, डेकवर कोळशाच्या गोण्या रचलेल्या. वादळात लाटेने इंजिनघराचे झाकण फोडले, पाणी आत शिरून भट्ट्या विझल्या. सुमारे २२० माणसे बुडाली. १९ जण एका होडीतून वाचले. वेस्लियन पंथाचे पाळक डॅनियल ड्रेपर त्या जहाजावर होते. शेवटच्या घटकेपर्यंत ते उतारूंबरोबर प्रार्थना करीत राहिले, असे वाचलेल्यांनी सांगितले.

जहाज का तरंगते आणि जास्त भरल्याने का बुडते, हे मुलांना समजावणे अवघड नाही. पाण्याने भरलेल्या बादलीत एक रिकामे पातेले सोडावे आणि त्यात थोडे थोडे खडे टाकीत जावे. पातेले जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याचे वजन त्याच्या एकूण वजनाइतके असते. खडे वाढले की ते अधिक खोल जाते. काठ पाण्याला टेकेपर्यंत ते तरंगते हे खरे. पण काठ पाण्यापासून बोटभर उरला असताना बादलीला नुसता धक्का द्या, एक लाट आत येते आणि सगळे संपते. पाण्याच्या पातळीपासून डेकपर्यंत जी मोकळी उंची राहते तिला जहाजवाले फ्रीबोर्ड म्हणतात. पाण्याबाहेर राहिलेला हा बंद भाग म्हणजे जहाजाची शिल्लक ताकद. लाट अंगावर चढली, एक बाजू कलली, तर हाच भाग पाण्यात शिरून जहाजाला पुन्हा वर उचलतो. तो आधीच पाण्याखाली घालवला, तर संकटाच्या वेळी वर उचलायला काही उरतच नाही.

ही गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक नव्हती असे नाही. मध्ययुगात व्हेनिसच्या जहाजांवर क्रुसाची खूण करून भरण्याची मर्यादा ठरवीत असत. इंग्लंडमध्येही लॉइड्सचा एक जुना नियम होता : जहाजाच्या पोटाची खोली जितके फूट, तितक्या वेळा तीन इंच फ्रीबोर्ड ठेवावे. म्हणजे २० फूट खोलीच्या जहाजाला ६० इंच, पाच फूट. पण हा नियम सल्ल्यापुरता. पाळलाच पाहिजे असे कोणावर बंधन नव्हते. टाइन नदीकाठच्या जेम्स हॉल या जहाजमालकाने १८६० नंतरच्या त्या दशकाच्या अखेरीस सक्तीच्या भाररेघेची मागणी पुढे आणली, आणि प्लिमसोल यांनी ती कल्पना त्याच्याकडून उचलली. हॉलचे नाव आज कोणाला माहीत नाही, रेघेला मात्र प्लिमसोल यांचे नाव चिकटले. प्लिमसोल यांनी त्याला पुरेसे श्रेय दिले नाही, अशी तक्रार तेव्हाच झाली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती असे आमचे मत आहे. एवढे मात्र खरे की, हॉलने सांगितलेली गोष्ट सर्व देशाच्या कानावर घालण्याचे काम प्लिमसोल यांनी केले.

पार्लमेंटमधले त्यांचे पहिले प्रयत्न फसले. सभागृहात जहाजमालक सभासद बरेच होते. मग १८७३ साली प्लिमसोल यांनी खलाशांच्या बाजूने जनतेला विनंती करणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तक म्हणून पाहिले तर ते विस्कळीत आहे. लिहिणाऱ्याला आपण लेखक नाही याची जाणीव आहे आणि तो ती लपवीत नाही. पण त्यात खोट्या खिळ्यांविषयी, लांबवलेल्या जहाजांविषयी, विम्याच्या कागदांविषयी जे दाखवले होते ते वाचून इंग्लंड हादरले. बुडालेल्या खलाशांच्या विधवांच्या घरी ते स्वतः गेले होते, आणि त्या घरांचे वर्णन पुस्तकात आहे. मंडळ्यामंडळ्यांतून, कामगारांच्या संघांतून सभा झाल्या. कारखान्यांतल्या व खाणींतल्या मुलांसाठी झगडणारे लॉर्ड शाफ्ट्सबरी पाठीशी उभे राहिले. सरकारला चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावे लागले.

किंमत मोजावी लागलीच. काही जहाजमालकांनी अब्रुनुकसानीचे खटले भरले आणि प्लिमसोल यांचा बराच पैसा त्यांत गेला. कमिशनचा अंतिम अहवालही सक्तीच्या रेघेच्या विरुद्ध आला. सगळ्याच विरोधकांना लबाड म्हणून मोडीत काढणे बरोबर होणार नाही. जहाजांची रचना करणाऱ्या जाणकारांचा एक प्रामाणिक आक्षेप होता : प्रत्येक जहाजाचा आकार, बांधणी, माल आणि मार्ग वेगळा, सर्वांना एकच रेघ कशी लावायची? आणि सरकारने रेघ मारून दिली, तर जहाज सुरक्षित ठेवण्याची मालकाची जबाबदारी सरकारच्या गळ्यात येणार नाही का? प्लिमसोल यांच्याजवळ याचे शास्त्रीय उत्तर नव्हते. ते जहाजबांधणी शिकलेले नव्हते. माणसे मरत आहेत, एवढे त्यांना दिसत होते.

१८७५ साली डिझरायली यांच्या सरकारने एक विधेयक आणले. ते दुबळे होते, तरी काहीतरी पदरात पडेल अशी आशा होती. २२ जुलै रोजी पंतप्रधानांनी सांगितले की, वेळ कमी असल्यामुळे हे विधेयक या अधिवेशनात घेता येणार नाही. शेतजमिनींच्या विधेयकाला मात्र वेळ मिळणार होता. प्लिमसोल यांचा तोल गेला. हिवाळ्यापूर्वी कायदा झाला नाही तर पुन्हा शेकडो माणसे बुडणार, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ते सभागृहाच्या मध्यभागी आले, मूठ उगारून ओरडू लागले, बुडालेल्या काही जहाजांची नावे घेऊन त्यांच्या मालकाविषयी जाब विचारला आणि सभागृहात बसलेल्या अशा लोकांना त्यांनी दुष्ट म्हटले. अध्यक्षांनी शब्द मागे घेण्यास सांगितले. त्यांनी साफ नकार दिला आणि ते बाहेर निघून गेले. एलायझाबाई त्या वेळी वर महिलांच्या सज्जात बसल्या होत्या. निषेधाच्या छापील प्रती त्यांनीच तेथून वार्ताहरांकडे टाकल्या, असे सांगतात. म्हणजे संताप खरा असला तरी तयारी अगदीच नव्हती असे नाही. पतीच्या कामात या बाईंचा वाटा किती होता, हे यावरून समजावे.

सभागृहाने त्यांना विचार करायला एक आठवडा दिला. त्या आठवड्यात देशभर सभा झाल्या, सरकारवर पत्रांचा पाऊस पडला. २९ जुलैला प्लिमसोल आले आणि सभागृहाची शिस्त मोडल्याबद्दल त्यांनी माफी मागितली. जी माहिती सांगितली होती ती मात्र मागे घेतली नाही. सरकारने घाईने एक तात्पुरता कायदा केला आणि १८७६ साली पूर्ण कायदा झाला. समुद्रात जाण्यास अयोग्य जहाज पाठवणे हा गुन्हा ठरला, धान्याच्या आणि डेकवरच्या मालाला नियम लागले, आणि प्रत्येक ब्रिटिश मालवाहू जहाजावर भाररेघ असलीच पाहिजे असे ठरले.

पण कायद्यात एक मोठे भोक राहिले होते. रेघ कोठे मारायची हे मालकानेच ठरवायचे! कार्डिफच्या एका कप्तानाने ती चक्क आपल्या आगबोटीच्या धुराड्यावर रंगवली, अशी गोष्ट सांगतात.

हे भोक बुजायला आणखी चौदा वर्षे गेली, आणि ते बुजवले ते आरडाओरड न करणाऱ्या माणसांनी. लॉइड्स रजिस्टर ही जहाजांची तपासणी करून दर्जा ठरवणारी संस्था. तिचे मुख्य सर्वेक्षक बेंजामिन मार्टेल यांनी निरनिराळ्या आकारांची असंख्य जहाजे मोजून, कोणत्या लांबीच्या, खोलीच्या व बांधणीच्या जहाजाला किती फ्रीबोर्ड हवे याची कोष्टके तयार केली. 'सर्वांना एकच रेघ कशी' या आक्षेपाला हे उत्तर होते : एकच रेघ नव्हे, प्रत्येक जहाजाला त्याच्या मापाची रेघ. नौदलाचे माजी मुख्य रचनाकार सर एडवर्ड रीड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १८८५ साली अशा कोष्टकांना मान्यता दिली आणि १८९० च्या कायद्याने रेघेची जागा ठरवण्याचा अधिकार मालकाच्या हातून काढून घेतला. प्लिमसोल यांच्या आरोळीशिवाय मार्टेल यांची कोष्टके कपाटात राहिली असती, आणि मार्टेल यांच्या कोष्टकांशिवाय ती रेघ धुराड्यावरच राहिली असती.

प्लिमसोल यांच्या रागीटपणाविषयीही लिहिले पाहिजे. त्यांनी काही मालकांवर केलेले आरोप पुराव्याने सिद्ध झाले नाहीत. ऐकीव गोष्टीवर ते लवकर विश्वास ठेवीत. चांगले, पापभीरू जहाजमालकही होते आणि त्यांना या आंदोलनात नाहक चिखल सोसावा लागला. थोर माणसांची चरित्रे शब्बाथशाळेत सांगताना आपण असे भाग गाळतो. ते गाळू नयेत असे आम्हांला वाटते. मुले मोठी होऊन दुसरीकडे वाचतात आणि मग आपल्या बाकीच्या सांगण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

१८८० साली ते पुन्हा निवडून आले, पण पक्षाचे मंत्री सर विल्यम हारकोर्ट पोटनिवडणुकीत पडल्यामुळे प्लिमसोल यांनी आपली डर्बीची जागा त्यांच्यासाठी मोकळी केली. सत्तेवरील मंत्री खलाशांसाठी आपल्यापेक्षा अधिक करू शकेल, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब फारसा बरोबर आला नाही. १८८२ साली एलायझाबाई वारल्या. तीन वर्षांनी त्यांनी हॅरिएट वेड यांच्याशी दुसरा विवाह केला. या हल येथील. खलाशांच्या नव्या संघाने त्यांना अध्यक्ष केले. १८९० साली अटलांटिकपलीकडून जिवंत गुरे कोंबून आणणाऱ्या जहाजांविरुद्ध त्यांनी पुस्तक लिहिले. त्या गुरांचे हाल पाहून त्यांना जुन्या खलाशांची आठवण झाली असल्यास नवल नाही. ३ जून १८९८ रोजी फोकस्टन येथे ते वारले आणि जवळच्या चेरिटन गावच्या मंदिराच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली. १९२९ साली खलाशांच्या संघाने लंडनमध्ये थेम्स नदीकाठी त्यांचे स्मारक उभारले.

रेघ पुढे जगभर गेली. १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही ती लागू झाली. १९३० साली राष्ट्राराष्ट्रांचा पहिला भाररेघ करार झाला, १९६६ साली दुसरा. वर्तुळाशेजारच्या त्या फणीच्या दातांचा अर्थ असा : गोड्या पाण्यात जहाज जास्त खोल जाते, कारण समुद्राचे पाणी शेकडा अडीच भाग जड असते, म्हणून गोड्या पाण्याची रेघ वर. उष्ण कटिबंधातील समुद्र बहुधा शांत, म्हणून तेथील रेघ उन्हाळी रेघेच्या वर. हिवाळ्याची खाली, आणि उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याची सर्वांत खाली. बारा मीटर खोल बसणाऱ्या जहाजाच्या उन्हाळी आणि हिवाळी रेघांत फरक केवळ पंचवीस सेंटिमीटरचा, पण जहाज मोठे असले की तेवढ्यात हजारो टन माल येतो. पूर्वी या दातांमध्ये एक 'भारतीय उन्हाळा' नावाचीही रेघ असे. सुएझपासून सिंगापूरपर्यंत शांत ऋतूत जाणाऱ्या जहाजांसाठी ती होती. १९६६ च्या कराराप्रमाणेही अरबी समुद्रात जून ते ऑगस्ट हे तीन महिने जहाजाला उष्ण कटिबंधाची रेघ वापरता येत नाही. पावसाळ्यातला आपला समुद्र कराराच्या कागदावरही वेगळा लिहिलेला आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट ज्या कोकणी घरांना आठवते, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

पांढऱ्या कॅनव्हासच्या पी.टी.च्या बुटांना इंग्लंडमध्ये प्लिमसोल म्हणतात. रबराच्या तळाची कड बुटाच्या अंगावर आडव्या रेघेसारखी दिसते, आणि पाणी त्या रेघेच्या वर गेले की पाय भिजतो, म्हणून हे नाव पडल्याचे सांगतात. शाळेतली मुले ते नाव घेतात, पण ते एका माणसाचे आहे हे त्यांना ठाऊक नसते.

वास्कोच्या शिक्षिकाबाईंना आम्ही वर्तुळाचे चित्र काढून, प्रत्येक रेघेचे नाव लिहून टपालाने पाठवले. 'एल' आणि 'आर' ही मालकाची अक्षरे नसून लॉइड्स रजिस्टरची, म्हणजे रेघेची जागा ठरवणाऱ्या संस्थेची आहेत, हेही कळवले. महिन्याभराने त्यांचे उत्तर आले. त्या मुलाने वडिलांना फोनवर विचारले होते. ते तेव्हा ज्या जहाजावर होते, त्याच्या वर्तुळाला 'ए' आणि 'बी' ही अक्षरे होती, म्हणजे अमेरिकन ब्युरो. आणि माल भरून झाला की डेकवरून वाकून रेघ पाण्याच्या वर आहे ना हे आपण दर खेपेला पाहतो, असे त्यांनी मुलाला सांगितले.